कार्ड आण्णांच्याकडं हाय

कॅल्क्युलेटरवर सात, आठ, नऊ वरच्या ओळीत असतात आणि एक, दोन, तीन खाली. पैसे काढायच्या मशीनवर नेमकं उलटं असतं. आज कुणालाही हे ठाऊक आहे. मला पस्तिशी गाठल्यावर, परदेशात एका भिंतीसमोर उभं असताना, ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसणं ही चूक. त्यानंतरच्या दहा मिनिटांत मी जे केलं, त्यालाही मी बरीच वर्षं चूकच म्हणत आलो. आता तो शब्द पुरत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना हे माहीत आहे, मीच सांगितलं. बाकी कुणाला नाही. बायकोला नाही, कचेरीत शेजारी बसून वीस वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्यालाही नाही.

नव्वद सालानंतर लगेचच मी दूध संघात सुपरवायझर म्हणून लागलो. काम म्हणजे गावोगावच्या दूध सोसायट्या फिरायच्या, रजिस्टरं तपासायची, दुधातली फॅट नीट काढतात का ते बघायचं आणि शिव्या खायच्या. दुधाचा दर फॅटवर ठरतो. तो कमी लागला की शिव्या जो समोर दिसेल त्याला. मला राधानगरीच्या वरच्या अंगाची गावं दिली होती. कोल्हापुरातून पहाटेच्या दुधाच्या टेम्पोत बसायचं, पावसाळ्यात अर्ध्या वाटेत उतरून टेम्पो ढकलायचा, आणि चिखलाच्या पायांनी सोसायटीत जाऊन साहेब व्हायचं.

नवा साहेब आला की गाव आधी आडनाव विचारतं. आडनावावरून नीट उमगलं नाही तर माझ्या गावात, कोडोलीत, घर नेमकं कुठं, म्हणून विचारतं. आमचं घर बौद्ध वस्तीत. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. मी ते लपवत नव्हतो, पण कुणी विचारायच्या आधी सांगतही नव्हतो. मग चहा कधी कपातून यायचा, कधी यायचाच नाही.

या एका गावच्या सेक्रेटरींनी पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला. "सायब, फॅट बगून काडतासा, का आपलं अंदाजपंचे?"

मी म्हणालो, "बघून."

"मग जमलं आपलं."

दुपारी घरी नेऊन त्यांनी मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. मी संकोचानं भाकरी हळूहळू मोडत होतो तर आत बघून ओरडले, "अगं, सायबास्नी आमटी वाड की, मगाधरनं कोरडंच खाया लागल्यात!" पुढं दहा-बारा वर्षं त्या घरात मी किती वेळा जेवलो ते सांगता यायचं नाही. आडनाव त्यांनी कधीच विचारलं नाही. सगळे त्यांना सेक्रेटरी म्हणायचे. मी आण्णा म्हणायचो.

आण्णांची ख्याती म्हणजे त्यांची आठवण. सोसायटीचं रजिस्टर होतं, ते रोज लिहायचेही, पण ते संघाच्या समाधानासाठी. गावाचा विश्वास त्यांच्या डोक्यावर. एकदा एक बाई भांडायला आली. परवा माझं दूध साडेसहा लागलं होतं, बिलात सहाच कसं?

आण्णांनी मापातून डोकंही वर केलं नाही. "साडेसा सोमवारी सकाळच्याला. संध्याकाळी सा. तुजी म्हस त्या दिशी वैरणीला तोंड लावंना झालती. जा, इचार तुज्या मालकाला."

बाई गेली. रजिस्टर उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी बघितलं, नवा होतो म्हणून. आण्णांचं बरोबर होतं.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी संघानं हॉलंडचा अभ्यास दौरा काढला. तीन संचालक, चार गावचे सेक्रेटरी, त्यांत आण्णा, आणि इंग्रजी बोलायला मी, असे आठजण. आमच्या वस्तीतून विमानात बसणारा मी पहिला. आईनं गल्लीत पेढे वाटले. कचेरीमागच्या चहाच्या गाड्यावर मात्र एकजण माझी पाठ बघून म्हणाला, "इंग्रजीचं निमित्त रं. फोटोत सगळी दिसाय पायजेत न्हवं." मी चहा तसाच ठेवून आलो. हे सांगतोय, कारण पुढं मी जे केलं त्याच्या मुळाशी हे थोडं आहे. सबब म्हणून सांगत नाही. नंतर मी ही सबब स्वतःला खूप वेळा देऊन बघितली आहे.

दौऱ्याच्या खर्चासाठी बँकेकडून एक कार्ड आलं, परदेशात चालणारं, माझ्या नावावर. त्या आधी माझ्याकडं कसलंच कार्ड नव्हतं. कोल्हापुरात काचेच्या दारामागं पैसे काढायची मशिनं आली होती, पण आमचा पगार अजून स्लिप भरून, रांगेत उभं राहून निघायचा. कार्डाच्या नंबराचं पाकीट वेगळं आलं, आतून काळं. लेखा विभागातल्या साहेबांनी बजावलं, "कुठं लिहायचा नाही. पाठ करायचा आणि कागद जाळून टाकायचा."

मी तो बंबात जाळला.

पाठ करायची माझी रीत वेगळी होती. दिवसभर फॅट गुणिले लिटर गुणिले दर करून करून माझी बोटं कॅल्क्युलेटरवर न बघता फिरायची. तो चार आकडी नंबर मी बोटांनाच शिकवला. आठवडाभर, टेबलाखाली कॅल्क्युलेटर धरून. पुढं पुढं नंबर मला आठवायचाही नाही, बोटांना आठवायचा. कुणी मानेवर सुरी ठेवली तरी माझ्या तोंडून तो निघणार नाही, याचा मला केवढा अभिमान.

पहिले चार दिवस नंबर लागलाच नाही. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईनं कार्ड मशीनच्या फटीतून ओढलं, चिठ्ठी निघाली, मी सही केली. मागं आमची सगळी मंडळी दाटीनं उभी.

"नुस्तं घासलं की भागलं?" एका संचालकांनी विचारलं.

"भागलं."

"आयला! आनि आमी गावात वसुलीला दारोदार हिंडतोय."

छोट्या दुकानांत मात्र ते चालेना. तिथली मशिनं तिथल्याच बँकांची कार्डं ओळखायची. दुकानातली बाई हसून मान हलवायची आणि दोन बोटांत धरून कार्ड परत द्यायची. ते परत घेताना माझे कान तापायचे. तेवढ्यापुरते सोबत नेलेले युरो मोडायचो.

परदेशात चोऱ्या होतात असं कुणीतरी तिघांतल्या मोठ्या संचालकांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, सगळ्यांचे पासपोर्ट आण्णांच्याकडं. कारण आण्णांच्या शर्टाच्या आत बंडी होती आणि बंडीला काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून शिवलेला चोरखिसा होता. वर बटण, बटणावर सेफ्टी पिन. माझं कार्डही संध्याकाळी त्याच खिशात जायचं आणि सकाळी नाश्त्याला माझ्याकडं यायचं. देताना ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "दिलं बरं का." घेताना म्हणायचे, "आलं बरं का." गावात दुधाच्या कॅनला म्हणायचे तसंच.

एका गोठ्यात गेलो. गाई आपल्या आपण मशीनखाली येऊन उभ्या राहत होत्या. आण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "सायब, हितं म्हस एकबी दिसंना." मग म्हणाले, त्याला फॅट विचारा. मी विचारलं. शेतकरी म्हणाला, साडेचारच्या खाली.

"सांगा तेला, आमच्यात म्हशीला सात लागतंय. ह्यो पानी घालतोय का बगा."

मी हे भाषांतर केलं नाही. तरी तो आण्णांच्या तोंडाकडं बघूनच हसायला लागला. मग त्यानं कॉम्प्युटरवर एकेका गाईचे आकडे दाखवले, मी वाचून सांगितले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये आण्णांनी ते सगळे आकडे गाईंच्या नंबरासकट धडाधड म्हणून दाखवले. मोठे संचालक टाळी वाजवून म्हणाले, "ह्यो मानूस म्हंजे मशीन हाय मशीन!" आण्णा लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. ती बस आणि त्यांचं ते लाजणं मला लख्ख आठवतं, कारण नंतर ते तसे दिसले नाहीत.

पाचव्या दिवशी, शनिवारी, एका लहानशा गावात उतरलो. मधून कालवा, कडेला सायकलींची रांग. माझ्याकडचे युरो संपले होते. मंडळी कालव्याकडं फोटो काढत थांबली आणि मी कोपऱ्यावरच्या बँकेकडं गेलो. बँक बंद होती, मशीन बाहेरच्या भिंतीत. माझ्यामागं एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. मी घाईनं कार्ड सरकवलं, अंगानं आडोसा केला आणि न बघता नंबर दाबला.

चुकलं म्हणालं मशीन.

बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा दाबला. तितक्याच झपाट्यानं, तितक्याच खात्रीनं. पुन्हा चुकलं. तिथं थांबायला हवं होतं, पण मागं ती बाई होती, आणि कोपऱ्यापलीकडं सात माणसं जेवायची वाट बघत होती. माझा बोटांवर विश्वास होता. तिसऱ्यांदा दाबला. मशीन घरघरलं आणि पडद्यावर आलं की तुमचं कार्ड ठेवून घेतलं आहे, बँकेशी संपर्क साधा. मी फटीत नख घालून बघितलं. बाई काहीतरी म्हणाली. तिच्या सुरात दया होती, ते भाषा न कळताही कळलं.

परत कालव्याकडं येताना मी वाक्य जुळवत होतो. खरं तेच सांगणार होतो. साहेब, मशीननं कार्ड ओढून घेतलं. मग पुढचा प्रश्न ऐकू यायला लागला. कसं काय? नंबर चुकला. तीनदा? तीनदा. आणि मग तो चहाचा गाडा. आमच्या माणसाची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही. ती वस्तीला लागते, पुढं नोकरीला येणाऱ्या पोरांना लागते. हे खरंच आहे, आजही खरं आहे. पण ज्यानं माझं आडनाव कधी विचारलं नाही, असा त्या आठांत एकच माणूस होता, आणि मी नेमका त्याच्या गळ्यात ती अडकवली. हेही तितकंच खरं आहे.

मोठे संचालक लांबूनच ओरडले, "काय सायब, काडलासा का पैसं? पोटात कावळं कोकलाय लागल्यात!"

"कार्ड आण्णांच्याकडं हाय," मी म्हणालो.

कचेरीत मी असं बोलत नाही. घाबरलो की गावाकडचं तोंडात येतं.

मला फक्त थोडा वेळ हवा होता. आण्णा म्हणतील, माझ्याकडं कुठलं, सकाळीच दिलं की तुम्हाला. मग मी खिसे चाचपीन, अरे हो म्हणीन, आणि तेवढ्यात काहीतरी सुचेल. त्यांची आठवण पक्की आहे यावरच मी विसंबलो होतो.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "माज्याकडं?"

"गाडीतनं उतरताना दिलं की मगाशी."

त्यांनी भर रस्त्यात शर्टाची बटणं काढली. पिन काढली. चोरखिशातून पासपोर्ट काढून एकेक मोजले, आठ. खिसा उलटा केला. त्यांच्या डोळ्यांत मला सकाळचा नाश्ता शोधला जाताना दिसत होता, बस, पायऱ्या, माझा हात. ते म्हणतील असं मला वाटत होतं. अजूनही म्हणतील.

"दिलतासा व्हय?" त्यांनी हळू विचारलं.

"व्हय की."

"मग दिलासा आसंल. व्हय. उतरतानाच दिलासा न्हवं?"

आणि ते खाली बघत बसच्या वाटेनं चालायला लागले.

तासभर सगळ्यांनी शोधलं. मीही शोधलं, हे लिहायला हवं. सायकलींच्या खाली वाकून मी माझ्याच खोट्याला शोधत होतो. आण्णा बसच्या सीटखाली आडवे झाले. मोठे संचालक वैतागून मला म्हणाले, "म्हातारं मानूस. कशाला दिलासा तेच्याजवळ?" आण्णा तीन पावलांवर होते. त्यांना ऐकू गेलं. ज्याला काल मशीन म्हटलं होतं, तो आज म्हातारं माणूस झाला होता. तेव्हा ते साठीचेही नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी आठही पासपोर्ट संचालकांच्या पलंगावर नेऊन ठेवले. "ह्ये तुमी ठेवा. माजं काय खरं न्हाय."

पैशाचं म्हणाल तर काहीच झालं नाही. संचालकांजवळ डॉलर होते, त्यावर दौरा निभावला. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं. तो फोन फिरवताना मला दिसलं की एक-दोन-तीन वर आहेत. रिसीव्हर कानाला तसाच राहिला. मशीनवरही असेच असणार. माझ्या बोटांनी तीनदा बरोबरच वाट धरली होती, पण उलट्या पाटीवर. आण्णा तेव्हा माझ्या शेजारी उभे होते. कार्ड बंद झाल्याचं कानावर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

"झालं का बंद?"

"झालं."

"सायब, माज्यापायी तुमास्नी तरास."

तेव्हा सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. चार दिवस माझी टिंगल झाली असती. मी रिसीव्हर ठेवला आणि म्हणालो, "असू द्या हो आण्णा, होतं असं." मी त्यांना माफ केलं! हे वाक्य मला लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं, म्हणून एवढं सगळं लिहिलं म्हटलं तरी चालेल.

गावानं त्यांचं स्वागत केलं. फेटा बांधला, शाळेत भाषण ठेवलं. पण दौऱ्यातली गोष्ट त्यांच्या आधी गावात पोचली होती. वाईट हेतूनं नव्हे, गंमत म्हणून. दूध घालायला आलेली पोरं म्हणायची, "सेक्रेटरी, माप लिवलासा का? न्हाईतर हालंडावानी हुयाचं." आण्णाही हसायचे. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा त्यांच्या वरच्या खिशात एक लहान डायरी दिसली. रजिस्टर लिहायचे ते लिहायचेच, आणि तेच डायरीत पुन्हा लिहायचे. काकी मला म्हणाल्या, "कुलूप तीन-तीन डाव वडून बगत्यात. आनि परत इचारत्यात, लावलं का म्हून."

दोन-तीन महिन्यांनी बँकेकडून माझ्या नावानं पत्र आलं. अमुक दिवशी अमुक गावातल्या मशीननं तुमचं कार्ड अडकवून ठेवलं होतं, ते नष्ट करण्यात आलं आहे. एवढंच, चार ओळी. संघाच्या फाईलला मी आधीच 'प्रवासात गहाळ' असं लिहून दिलं होतं. पत्र फाईलला लावलं नाही. फाडलंही नाही. घरी नेलं.

पुढच्या वर्षीच्या वार्षिक सभेला संघाचा प्रतिनिधी म्हणून मी व्यासपीठावर होतो. देवळासमोरच्या मंडपात गाव बसलेलं. एक तरणा सभासद उठला आणि म्हणाला, गेल्या महिन्यात माझी फॅट दोनदा कमी लिहिली. आण्णा उभे राहिले. मला वाटलं, आता तारीख, वेळ, म्हशीची तब्येत सगळं बाहेर पडणार. त्यांनी आधी डायरी काढली. पानं चाळायला लागले.

मागून कुणीतरी ओरडलं, "हालंडात कार्ड कुटं ठेवलासा, ते गावतंय का बगा त्यात!"

मंडप हसला. आण्णांची पानं थांबली. त्यांनी डायरी मिटली.

"आसंल बाबा," ते म्हणाले. "माजंच चुकलं आसंल."

मला ठाऊक होतं की त्यांचं चुकलं नव्हतं. त्या महिन्याचं रजिस्टर मी स्वतः तपासलं होतं. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता, चालू होता, उचलायचाही नव्हता. मी पाण्याचा ग्लास उचलला.

महिन्याभरात त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. माझा रूट बदलला. बदलला म्हणजे मी बदलून घेतला, शाहूवाडीकडचा घेतला.

चार-पाच वर्षं मी त्या बाजूला गेलो नाही. मग एक दिवस त्यांचा मुलगा कचेरीत आला, वडिलांच्या जुन्या मानधनाच्या कुठल्याशा कागदासाठी. मी चहा मागवला. तब्येत कशी आहे विचारलं.

"हाय की बरी. डोकं तेवडं ऱ्हाईलं न्हाय. दारातनं भाईर पडलं की घर गावंना." आणि कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "हालंडातनं आल्यापास्नं बगा. तितं पैल्यांदा कळलं आमास्नी."

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण एवढी वर्षं मला कुठंतरी वाटत होतं की ते बरे असतील, शेतात रमले असतील. म्हातारपणाचा आजार हा कार्डानं होत नाही, एवढं मलाही कळतं. डॉक्टरही तेच सांगेल. पण आजार यायच्या आधी चार-पाच वर्षं तो माणूस आजारी असल्यासारखा जगला, ती वर्षं माझी.

पुढच्या रविवारी मी ते पत्र खिशात घालून गेलो.

आण्णा सोप्यात बसले होते. वाळले होते. अंगात तीच बंडी. मला त्यांनी ओळखलं नाही. "या पावणं," म्हणाले. काकींनी सांगितल्यावर मात्र तोंडभर हसले. "सायब! आमटी वाड गं सायबास्नी." सकाळचे दहा वाजले होते.

मी सगळं सांगितलं. मुलगा दारात उभा होता, काकी उंबऱ्यावर. कॅल्क्युलेटर, मशीन, ती मागं उभी असलेली बाई, मी काय म्हणालो ते, आणि फोनचं. बोलून झालं. मुलगा मागच्या परड्याकडं निघून गेला. काकींनी पदर तोंडाला लावला.

आण्णा मात्र मान हलवत होते. "न्हाय न्हाय सायब. तुमी इसरलासा. कार्ड माज्याजवळच हुतं."

"नव्हतं आण्णा."

"हुतं की! ऐका. कालव्याच्या कडंला सायकली हुत्या. त्यात एक लालभडक. तितं म्या नाक पुसाय रुमाल काडला. टप दिशी वाजलं. म्या म्हटलं पान पडलं आसंल. त्येच कार्ड." ते ताठ बसले होते. डोळे चमकत होते. साडेसा सोमवारी सकाळच्याला, असं सांगणारा तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होतो. "सगळं इसरलोय सायब, खोटं कशाला बोलू. पर त्येवडं मला सपष्ट दिसतंय."

लाल सायकल खरंच होती. मलाही आठवते.

काकी हळूच म्हणाल्या, "असू द्या सायब. तेवडं एकच ऱ्हायलंय त्येंच्या ध्यानात."

मी ऐकायला हवं होतं. पण मी माफी घ्यायला गेलो होतो, आणि ज्याला गुन्हा ठाऊकच नाही तो माफी कशी देणार? मी खिशातून पत्र काढलं. म्हणालो, आण्णा, हे बघा, बँकेनंच लिहून दिलंय. मशीनमध्ये सापडलं म्हणून. ही तारीख, हे गाव. एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. दोनदा वाचली.

त्यांनी कागद हातात घेतला. उलटा करून बघितला, परत सुलटा केला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. त्यांच्या तोंडावरचा तो उजेड उतरत गेला, तो मी बसल्या जागी बघत होतो. मग त्यांनी कागद घडीवर घडी करून माझ्या हातात दिला.

"आसंल सायब," ते म्हणाले. "कागूद हाय म्हंजे आसंल. माजंच चुकलं आसंल."

मी पाया पडलो. ते अंग आखडून मागं सरले. मग मी उठलो, पायरीवर बसून चप्पल घालायला लागलो. मागं सोप्यात काकी त्यांना पाणी देत होत्या. त्यांचा आवाज आला, हलका, जरा भ्यालेला.

"अगं, सायबांनी काय दिलंया का माज्याजवळ ठेवाया?"

"न्हाय ओ. काय दिल्यालं न्हाय."

मी मागं वळून बघितलं तेव्हा ते बंडीच्या आतली पिन चाचपत होते.